डोंगर राहिला तर नदी राहील

श्रोतेहो, नदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घाट येतो, पूल येतो, फार तर धरणाची भिंत येते. नदी म्हणजे दोन काठांमधून वाहणारे पाणी, अशी आपली साधीसुधी समजूत आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. झाडाकडे बघताना आपण मुळांचा विचार करीत नाही, तसेच हे. नदीची मुळे काठावर नसतात. ती दूर वर, डोंगराच्या उतारावर, गवताच्या पात्यांखाली आणि खडकाच्या भेगांत असतात. पावसाचे पाणी ज्या भूभागावरून गोळा होऊन एका नदीत येते, त्या सगळ्या भूभागाला पाणलोट क्षेत्र म्हणतात. आज मी बोलणार आहे ते ह्या पाणलोटाविषयी, आणि तो खाणी व रस्ते यांच्यापासून राखायचा म्हणजे काय, याविषयी.

आता मनमाडच्या माणसाने हा विषय का काढावा, असे कुणी विचारील. मनमाडला ना मोठी नदी, ना घनदाट जंगल. आमच्याकडे पाऊस पडतो तो साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर. गावातून रामगुळणा जाते, जवळून पांझण जाते. ह्या दोन्ही नद्यांचे पाणी गिरणेकडे आणि पुढे तापीकडे जाते. पण मनमाडकर वर्षानुवर्षे जे पाणी प्यायला, ते तापीच्या खोऱ्यातले नव्हे. ते गोदावरीच्या खोऱ्यातले. दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीच्या रांगांतून कादवा नदी निघते. तिच्यावर करंजवण आणि पालखेड ही धरणे आहेत. पालखेडच्या डाव्या कालव्याचे आवर्तन सुटायचे, त्या पाण्याने वाघदर्डीचा तलाव भरायचा, आणि मग आमच्या नळाला पाणी यायचे. तेसुद्धा कित्येक उन्हाळ्यांत पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी! पुढे थेट करंजवणपासून जलवाहिनी आणण्याची योजना हाती घेण्यात आली. म्हणजे काय झाले? कालव्याऐवजी नळ आला, पण डोंगर तोच राहिला. ज्या गावाला हंडाभर पाण्याची किंमत ठाऊक आहे, त्या गावाने ते पाणी कोणत्या डोंगरावरून येते, एवढे तरी विचारले पाहिजे.

नाशिक जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे. त्र्यंबक आणि इगतपुरीकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेकडे यावे तसतसा पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि निफाड, येवला, नांदगाव, मनमाड हा सारा पट्टा पावसाच्या सावलीत राहतो. जिल्ह्याची पाण्याची तिजोरी अशी पश्चिमेच्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे आणि तिचे भागीदार मात्र दूरवर पसरलेले आहेत. ह्या तिजोरीचा सर्वांत नावाजलेला कप्पा म्हणजे त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी.

ब्रह्मगिरीची उंची तेराशे मीटरच्या आसपास. गौतम ऋषींच्या तपाने गंगा ह्या डोंगरावर उतरली, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. कथा बाजूला ठेवली, तरी ह्या डोंगराचे भौगोलिक महत्त्व तेवढेच मोठे आहे. त्याच्या पूर्व अंगाने गोदावरी निघते आणि चौदाशे पासष्ट किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. ह्याच परिसरात पश्चिमेकडे वैतरणा निघते आणि अरबी समुद्राकडे धावते. त्या वैतरणेवरच्या मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा ह्या धरणांचे पाणी मुंबईकर पितात. म्हणजे एका डोंगराच्या एका अंगाला नाशिक आणि पैठणचा नाथसागर, तर दुसऱ्या अंगाला मुंबई! इतके देणारा दुसरा डोंगर महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो माणसे ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करतात. ती प्रदक्षिणा देवाची असते, तशीच, कळत नकळत, एका पाणलोटाचीही असते.

आता डोंगर पाणी देतो म्हणजे नेमके काय करतो? आपला सह्याद्री बनला आहे तो लाव्हारसाच्या थरांनी. एकावर एक थर, जणू भाकरीची चवड. ह्यातले काही थर घट्ट काळ्या फत्तराचे असतात, त्यांतून पाणी फारसे झिरपत नाही. झिरपले तर फटींतूनच. काही थर बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेले, झिजलेले असतात. कुठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. वरच्या सडयावर आणि उतारावर जी माती, मुरूम आणि गवत असते, ते पावसाला अडवते. पाण्याचा वेग कमी होतो, ते हळूहळू मुरते, खडकाच्या भेगांतून खाली उतरते, आणि अभेद्य थर आडवा आला की त्याच्या कडेने डोंगराच्या कुशीत बाहेर पडते. हाच झरा. पावसाळ्यात कोसळलेले पाणी हिवाळ्यात, प्रसंगी उन्हाळ्यातही थोडे थोडे मिळत राहते, ते ह्या व्यवस्थेमुळे. आपण बांधतो ती धरणे पाणी साठवतात हे खरे. पण डोंगर हे त्यांच्या आधीचे धरण आहे. त्याला भिंत नाही, दरवाजे नाहीत, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्चही नाही. अट एकच, त्याला हात लावायचा नाही.

हात लागतो तो दोन प्रकारांनी. एक खाणीने आणि दुसरा रस्त्याने.

खाण म्हटले की कोळसा, लोखंड असे काहीतरी मनात येते. आपल्या भागात खाण म्हणजे दगडाची आणि मुरुमाची. सरकारी भाषेत ह्याला गौण खनिज म्हणतात. नाव गौण, पण परिणाम गौण नव्हेत. सुरुंग लावला की समोरचा दगड फुटतो, तसा आजूबाजूच्या खडकालाही हादरा बसतो. जुन्या भेगा रुंदावतात, नव्या पडतात, आणि ज्या वाटेने पाणी पिढ्यान्‌पिढ्या झऱ्याकडे येत होते ती वाट बदलू शकते. झरा आटतो, आणि का आटला ते कुणाला दाखवता येत नाही. वरची माती आणि गवत तर खाणीचे काम सुरू होण्यापूर्वीच खरवडून टाकलेले असते. मग पहिल्या पावसात ती मोकळी माती ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात जाते.

धरणात माती गेली तर काय होते, ह्याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. नाशिक शहराला पाणी देणारे गंगापूर धरण घ्या. बांधले तेव्हा त्याची क्षमता सात हजार दोनशे दशलक्ष घनफूट होती. आज ती पाच हजार सहाशे तीस दशलक्ष घनफूट धरली जाते. जवळजवळ पाचवा हिस्सा गाळाने खाल्ला. हा सगळा गाळ खाणींचाच आहे असे मी म्हणत नाही. जंगलतोड, उतारावरची नांगरट, अशी अनेक कारणे त्यात आहेत. पण मुद्दा असा की, डोंगरावरून सुटलेली माती कुठे तरी बसणारच, आणि ती जिथे बसते तेवढी जागा पाण्याची कमी होते. नवे धरण बांधायला शेकडो कोटी रुपये आणि विस्थापितांचे अश्रू लागतात. आहे त्या धरणाची जागा राखायला डोंगरावरचे गवत पुरते.

दुसरा प्रकार रस्त्याचा. रस्ता हा दिसायला निरुपद्रवी. पण डोंगराच्या उतारावर रस्ता काढायचा, तर वरच्या बाजूने डोंगर कापावा लागतो आणि निघालेला राडारोडा खालच्या बाजूला ढकलला जातो. कापलेल्या बाजूचा आधार जातो, ढकललेल्या बाजूवर भार पडतो. उतारावरून पसरून वाहणारे पाणी रस्त्याच्या गटारात एकवटते आणि एखाद्या मोरीतून एकदम सुटते. जिथे बोटभर धार होती तिथे घळ पडते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली गडप झाले, दीडशेहून अधिक माणसे गेली. अतिवृष्टी हे त्याचे तात्कालिक कारण होतेच, पण डोंगरउताराची छेडछाड किती महाग पडू शकते, हा प्रश्न त्यानंतर सबंध महाराष्ट्राला पडला. आणखी एक गोष्ट. रस्ता एकटा येत नाही. त्याच्या मागून वाहने येतात, त्यांच्या मागून टपऱ्या, हॉटेले, मग भूखंड पाडणारे, आणि त्या भूखंडांना सपाटी हवी म्हणून पुन्हा डोंगर कापणारी यंत्रे. रस्ता आणि खाण ही भावंडेच आहेत. खाणीला रस्ता हवा असतो आणि रस्त्याला खडी.

ही झाली तत्त्वाची गोष्ट. प्रत्यक्षात काय घडले ते आता पाहू. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडण्याचे काम चालल्याचे उघडकीस आले. नाशिक आणि त्र्यंबक येथील नागरिकांनी आवाज उठविला, एकत्र येऊन कृती समिती उभी केली. वृत्तपत्रांनी विषय लावून धरला, आणि प्रशासनाला ते काम थांबवावे लागले. त्याच सुमारास नाशिक तालुक्यातील सारूळच्या डोंगरावरच्या खाणींचाही वाद गाजला.

त्याच वर्षी दुसरा प्रश्न आला तो ब्रह्मगिरीच्या शेजारच्या अंजनेरीचा. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून भाविक ह्या डोंगराला मानतात. मुळेगावच्या बाजूने अंजनेरीवर थेट मोटारीचा रस्ता काढावा, असा प्रस्ताव पुढे आला. आता ह्या डोंगराची योग्यता बघा. इथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक ह्या वेदनाशामक औषधामुळे देशातली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली; त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. त्यातून वाचलेल्या थोड्या गिधाडांचा अंजनेरी हा आसरा आहे. आणि ह्याच डोंगराचे नाव धारण करणारी एक वनस्पती आहे. सेरोपेजिया अंजनेरिका हे तिचे शास्त्रीय नाव. कंदिलासारखे फूल येते म्हणून ह्या कुळीला आपण कंदीलपुष्प म्हणतो. २००६ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे वर्णन प्रथम जगापुढे मांडले. ह्या साऱ्यासाठी २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला होता. ते क्षेत्र केवढे? पावणेसहा चौरस किलोमीटरच्याही आत. एवढ्याशा जागेतून मोटारीचा रस्ता! निसर्गप्रेमींनी, गिर्यारोहकांनी आणि अनेक स्थानिकांनी विरोध केला, आणि राज्याच्या तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी हा रस्ता होणार नाही असे जाहीर केले. पुढे ब्रह्मगिरी आणि अंजनेरी जोडणारा रज्जुमार्ग सुचविण्यात आला आणि त्यालाही हरकती घेण्यात आल्या. तात्पर्य काय? एक प्रस्ताव मागे गेला, म्हणजे डोंगर कायमचा वाचला असे होत नाही. डोंगर एकदाच तुटतो, पण तो वाचवावा मात्र पुन्हा पुन्हा लागतो.

येथे एक आक्षेप येतो, आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. लोक म्हणतात, "रस्ते नकोत, खाणी नकोत, मग घरे कशाने बांधायची? आजारी माणसाला दवाखान्यात कसे न्यायचे?" हा प्रश्न रास्त आहे. मनमाडच्या माणसाने तर रस्त्यांना आणि रुळांना नावे ठेवूच नयेत. आमचे गाव वाढले ते रेल्वेच्या जंक्शनमुळे, आणि आमच्या कारखान्यात रेल्वेच्या पुलांचे गर्डर तयार होतात. रुळाखालची खडी काय आकाशातून पडते? २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबककडे रस्त्यांची कामे काढावी लागली, त्यांनाही दगड लागतोच. तेव्हा खाण हवी की नको, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो खाण कुठे हवी आणि कुठे नको हा. दगड महाराष्ट्रात सर्वत्र आहे. नदीचा उगम मात्र एकाच ठिकाणी असतो. दगड दुसरीकडून आणता येतो, उगम दुसरीकडे नेता येत नाही. तसेच रस्त्याचे. वाडीवरच्या बाळंतिणीसाठी लागणारा साधा रस्ता वेगळा, आणि सहलीच्या मोटारी शिखरापर्यंत जाव्यात म्हणून कापलेला घाट वेगळा. पहिला झालाच पाहिजे. दुसऱ्याच्या आधी दहादा विचार केला पाहिजे.

आणि ज्यांच्या नावाने हे रस्ते मागितले जातात, त्या डोंगरातल्या माणसांचे काय? ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावर मेटा आहेत. मेट म्हणजे किल्ल्याच्या पहाऱ्याची जुनी वस्ती. दोन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ह्या मुलुखात उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. पाऊस पडतो आणि निघून जातो. मुरण्याची जागा आणि झऱ्याची निगा ह्यांवर त्यांचे उन्हाळ्याचे पाणी अवलंबून असते. तेव्हा झरा गेला तर पहिला फटका नाशिकला नाही, मुंबईला नाही, ह्या बायांना बसतो. पाणलोट राखणे म्हणजे गरिबाच्या विकासाला विरोध, असे जे म्हणतात त्यांनी एप्रिलमध्ये एकदा त्या मेटांवर जाऊन यावे.

मग कायदा काय करतो? कायदे आहेत. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना दिला आहे. लहान क्षेत्राच्या खाणींनासुद्धा आधी पर्यावरणीय मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात बजावले. आदिवासी अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा लागू होतो, आणि तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस आवश्यक असते. संबंध पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ मध्ये अहवाल दिला. दुसऱ्या अहवालाच्या आधारे संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१४ पासून २०२४ पर्यंत सहा वेळा प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्राचे सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र येते. त्या मसुद्यात खाणींना बंदी आहे आणि चालू खाणी पाच वर्षांत बंद करण्याची तरतूद आहे. रस्त्यांना किंवा शेतीला सरसकट बंदी नाही. पण "आता घर बांधायलाही परवानगी मिळणार नाही" अशी भीती गावोगाव पसरली, आणि मसुदा नीट वाचून दाखविण्याचे काम फारसे कुणी केले नाही. त्याचा फायदा शेतकऱ्याला झाला नाही. झाला असेल तर तो खाणवाल्याला.

बाहेरच्या जगात ह्याला उपाय सापडला आहे का? न्यूयॉर्क शहराची गोष्ट सांगतो. ह्या शहराचे बहुतेक पाणी दीडदोनशे किलोमीटर दूरच्या कॅट्‌स्किल डोंगरांतून आणि डेलावेअर नदीच्या खोऱ्यातून येते. १९९० च्या सुमारास शहरापुढे प्रश्न आला, की पाणी गाळण्याचा अब्जावधी डॉलरांचा कारखाना बांधायचा, की पाणी मुळातच स्वच्छ राहील अशी व्यवस्था करायची? १९९७ मध्ये शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला. शहराने तिथल्या जमिनी राजीखुषीने विकत घेतल्या, शेतकऱ्यांना ओढ्याकाठचा पट्टा राखण्यासाठी पैसे दिले, गावांची सांडपाण्याची सोय करून दिली. कारखान्याच्या मानाने हा खर्च कितीतरी कमी आला. ह्यातले मर्म असे की, पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याला मोबदला दिला. आपल्याकडे आपण धरणाचे पाणी मोजतो, कालव्याचे मोजतो, आवर्तनावरून भांडतोही. पण ते पाणी जिथे जन्मते त्या वाडीला आपण काय देतो? काहीच नाही.

म्हणून दोनतीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, उगमाच्या डोंगरांची हद्द जमिनीवर आखली जावी आणि त्या हद्दीत कोणत्याही खाणीला पट्टा मिळू नये. सपाटीकरणाच्या नावाखाली होणारे उत्खननही त्यात धरावे. दुसरी, डोंगरातल्या प्रत्येक वाडीच्या झऱ्यांची नोंद गावानेच ठेवावी. कोणता झरा कधी आटला, हे लिहिलेले असेल तर उद्या सुरुंगाचा जाब विचारता येईल. नोंद नसेल तर नुसता गलका होतो. आणि तिसरी गोष्ट आम्हा पूर्वेकडच्या गावांची. मनमाड, येवला, निफाड येथील नगरपालिका आणि पाणीवापर संस्था यांनी दिंडोरी-त्र्यंबकच्या डोंगरांतल्या ग्रामसभांशी नाते जोडावे. गोदावरी आणि कादवा नांदूर मधमेश्वरला एकत्र येतात. ते ठिकाण २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, आणि तिथले पक्षी बघायला आपण कौतुकाने जातो. ज्या डोंगरांनी ते पाणी तिथवर पोचविले त्यांच्या ग्रामसभेला मात्र आपल्यापैकी कुणी हजर नसतो.

श्रोतेहो, आपल्याकडे विहीर बांधणारा पुण्यवान मानतात, तळे खोदणारा पुण्यवान मानतात. डोंगर न खोदणाऱ्याला मात्र आपण अजून कोणतेही पुण्य देऊ केलेले नाही. आजच्या काळात तेच सर्वांत मोठे जलदान आहे. करंजवणचा नळ सुटेल तेव्हा मनमाडकर हंडे-कळशा घेऊन पुढे होतीलच. तेवढ्याच तत्परतेने, कादवेच्या किंवा गोदेच्या उगमाकडे सुरुंग वाजल्याची बातमी आली, तर तिकडेही आपले लक्ष गेले पाहिजे. तो डोंगर दुसऱ्या तालुक्यात असला तरी त्याचे पाणी आपल्या घरात येते, आणि तेवढ्यापुरता तो आपलाही आहे.